सुभेदारांचा पंचम

दुकानात येणारा माणूस आधी माझ्या डोक्यावरून आत बघतो. आत भिंतीवर दोन तंबोरे टांगलेले आहेत आणि पडद्यापलीकडे आमचा स्वयंपाकाचा स्टोव्ह. त्याला तिथे एखादा म्हातारा बसलेला हवा असतो, नाकावर घसरलेला चष्मा, हातात कानस. तसं कुणी दिसलं नाही की तो विचारतो, "मास्तर कुठं गेल्यात?" मी सांगते की मास्तर वारले, मी त्यांची मुलगी, काय झालंय पेटीला. काहीजण पेटी खाली ठेवतात. काहीजण "जरा बाजारातनं येतो" म्हणतात आणि पेटी उचलून घेऊन जातात. बाजाराला पेटी बरोबर कशाला लागते, हे मी कधी विचारलेलं नाही.

बाईमाणसाने हार्मोनियम दुरुस्त करायची, याचं संपादकांना नवल वाटलं म्हणून हा लेख. आठवणी लिहिण्याचं माझं वय नाही. पण पाच-सात वर्षांपूर्वीच्या गोष्टी आत्ताच जुन्या वाटू लागल्या आहेत, आणि ज्या कामाबद्दल लिहायचं ते काम मागणारी माणसं कमी होत चालली आहेत. म्हणून लिहिते.

सांगलीत गावभागात बाबांचं हे दुकान. सुट्ट्या लागल्या की ते पाचगणीच्या शाळांमधून पियानो लावायला जात. तिथलं धुकं पावसाळ्यात खिडकीतून आत येतं आणि पियानोच्या पोटातली लोकर कुजवतं, त्यामुळे कामाला तोटा नसे. त्यांच्या कामावर खूश होऊन एका शाळेने मला ठेवून घेतलं. मी तिथे इंग्रजीत वाढले. पियानो शिकले. वर्गात मी फारसं बोलत नसे, पण आमच्या सिस्टरना माझ्या कानाची गंमत वाटे. मला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं, पियानोवरची कुठलीही पट्टी वाजवायची आणि नाव विचारायचं. मी सांगायची. भोजनगृहात थाळी पडली तरी मुली विचारत, "कुठला सूर?" बोलता न येणाऱ्या मुलीला हे बरं असतं, निदान काहीतरी उत्तर देता येतं.

सुट्टीत घरी आले की दुकानातली माणसं मला परकी वाटत आणि मी त्यांना. "व्हय", "न्हाई", "कवा" हे शब्द मला समजायचे, पण बोलायला जीभ वळायची नाही. बाबा मात्र गिऱ्हाइकाशी त्याच्यासारखं बोलत आणि माझ्याशी पुस्तकातलं. मी एकदा दुकानातली पेटी वाजवून पाहिली आणि त्यांना म्हटलं, बाबा, ही चुकीची लावलीये, हा गंधार उतरलाय. ते हसले. म्हणाले, "चुकलेली नाही. कुणाची तरी आहे."

शाळा संपवून मी दुकानात बसू लागले, त्यानंतरही त्याचा अर्थ कळायला मला वर्ष लागलं. तो इथे सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. पेटीचे सूर दोन तऱ्हांनी लावता येतात. एक पियानोची तऱ्हा. तिच्यात प्रत्येक सुराला केसभर खोटं पाडतात, म्हणजे गाणारा कुठल्याही पट्टीवरून सुरू झाला तरी सगळीकडे सारखंच थोडं खोटं लागतं आणि कान ते चालवून घेतो. दुसऱ्या तऱ्हेत एका गाणाऱ्याचा षड्ज, म्हणजे सा, धरायचा आणि बाकीचे सूर त्या एकाशी अगदी खरे मिळवायचे. त्या षड्जावर पेटी अशी गोड बोलते की पियानोवर वाढलेल्या मुलीला आपण आजवर काय ऐकत होतो असं वाटावं. पण तीच पेटी दुसऱ्या पट्टीवरून वाजवायला घ्या, काही सूर टोचू लागतात. अंगाला शिवलेला सदरा दुसऱ्याने घालावा तसं.

काम म्हणाल तर सोपं आहे. प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक बारीक जीभ असते, हवेने ती थरथरते आणि सूर निघतो. जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. खरवडलेलं पितळ परत येत नाही. म्हणून एकदा खरवडायचं आणि बराच वेळ ऐकायचं. बाबांचा दिवस बहुतेक ऐकण्यात जायचा. लोकांना वाटे, मास्तर बसून आहेत.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. माळ्यावर पडलेली पेटी अचानक दुरुस्तीला आली की ओळखायचं, घरातली मुलगी लग्नाची झाली. कवठे महांकाळच्या बाजूचे एक मेंढपाळ आजोबा पेटी घेऊन येत. तिच्या भात्याला त्यांनी स्वतः मेंढीच्या कातड्याचं ठिगळ लावलं होतं, लोकर तशीच ठेवून. पेटी वाजू लागली की ती लोकर वाऱ्यावर हलल्यासारखी हले. मी नवीन कातडं लावते म्हटलं तर ते म्हणाले, नको, तिला थंडी वाजती. ऊसपट्ट्यातल्या पेट्यांमध्ये मुंग्या निघत. गुऱ्हाळावर भजन करायचं, काकवीच्या बोटांनी पट्ट्या दाबायच्या, आणि मग सूर बसला म्हणून मास्तरांना शिव्या द्यायच्या.

सुभेदारांची पेटी यांतली नव्हती. ती पलटणीच्या करड्या कांबळ्यात गुंडाळून येई आणि आतून पुसलेली असे.

त्यांचं गाव इस्लामपूरच्या पुढे नदीकाठाला आहे. नाव लिहीत नाही. उसात बुडालेलं गाव, घरटी एक माणूस फौजेत. सुभेदार पेन्शनवर आल्यापासून गावच्या भजनी मंडळाचे म्होरके होते. आमच्याकडे गळ्याचा सूर पेटीच्या पट्टीवरून सांगतात, काळी एक, काळी दोन, पांढरी चार असा. बहुतेक पुरुष काळी एक, काळी दोनवर गातात. सुभेदार पांढरी चारवर गात, म्हणजे काळी दोनच्या पूर्ण एक सूर वर. दोन गावांची मंडळं समोरासमोर बसली की गाण्याआधी प्रत्येक म्होरक्या आपला सूर मोठ्याने सांगतो, तालमीत मल्लाचं वजन सांगावं तसा. सुभेदार "पांढरी चार" म्हणत तेव्हा समोरची माणसं टाळांच्या दोऱ्या चाचपू लागत, असं बाबा सांगायचे. तो सूर एकट्या सुभेदारांचा राहिला नव्हता, गावाचा झाला होता.

त्या सुरावर ती पेटी बाबांनी लावलेली. दर वर्षी जत्रेआधी ते तिच्यावरून हात फिरवत. शेवटच्या वर्षी ते अंथरुणावर होते. उशा पाठीशी लावून बसले, मी भाता हलवला, त्यांनी कानस धरली. त्यांची कानस तिरकी चालायची. जिभेच्या टोकाला चांदणी पडल्यासारखे तिरके ओरखडे उठायचे, दुसऱ्या कुणाचे तसे येत नाहीत. संध्याकाळपर्यंत पेटी झाली आणि ते झोपले. तिच्यानंतर त्यांनी दुसरी पेटी लावली नाही. त्या थंडीतच ते गेले.

वर्षाने सुभेदार आले. बरोबर त्यांचे पेटीवाले गणपतराव, गावात शिलाईचं दुकान चालवणारे. सुभेदारांनी दाराशी चपला काढल्या, बाबांच्या रिकाम्या जागेला नमस्कार केला आणि सांगितलं की पंचम टोचतोय.

मी पांढरी चार धरली, तिचा पंचम धरला. दोन्ही सूर असे मिळाले की मध्ये हवासुद्धा जाऊ नये. मी दुसरं काही न सुचून धूळ झाडली, भाता घट्ट केला आणि पेटी परत दिली. सुभेदारांनी सा-पंचम जोडून ऐकला, तेव्हा इथे काही टोचलं नाही. काही महिन्यांनी ते पुन्हा आले. मी पुन्हा तेच केलं. तिसऱ्या खेपेला सुभेदार रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. कौतुकाने बोलावं तसं म्हणाले, "झाडपूस चांगली करतीस पोरी. पर मास्तर हुते तवा असं कवा झालं न्हाई."

गणपतराव त्या वेळी आपल्या बाहीचा सुटलेला दोरा ओढत होते. तिन्ही खेपांना ते असंच काहीतरी करत होते. पेटी वाजवणारा माणूस पेटीबद्दल एक शब्द बोलत नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण विचारायचा धीर झाला नाही.

मी माझ्या कानावर शंका घेऊ लागले. दिवसभर पंचम ऐकत बसायची. आई म्हणायची, जेव, पंचम कुठे जात नाही. पण गिऱ्हाइकं जात होती. मलकापूरच्या एका मंडळाने सांगून ठेवलेलं काम काढून घेतलं. का म्हणून विचारलं तर तो माणूस अवघडून म्हणाला, सुभेदारांच्या पेटीचं काय हुतंय ते बघून येतो म्हणाले आमचे बुवा. आमच्यासारखं दुकान पाटीवर चालत नाही, बुवा लोकांच्या तोंडावर चालतं. नदीकाठच्या मंडळांनी पेट्या कोल्हापूरला न्यायचं ठरवलं असतं तर आम्हा मायलेकींना पडद्यामागचा स्टोव्हही पेटवता आला नसता.

म्हणून पुढच्या खेपेला सुभेदारांचा निरोप आला तेव्हा मी उलट कळवलं की पेटी आणू नका, मीच गावात येऊन ऐकते. एरवी मी कुठे जाणारी नव्हे. निरोप गेल्यावर मलाच भीती वाटली. आईला बरोबर घेतलं आणि एसटीने गेलो.

देवळात दुपारची तालीम होती. आम्ही बायकांच्या बाजूला खांबाशी बसलो. सुभेदार मध्ये, पाठ ताठ, मिशा पांढऱ्या. गणपतरावांनी पेटी पुढ्यात घेतली, खांद्यावरचा पंचा काढला आणि पट्ट्यांवर, आपल्या हातांवरच पसरला. धुरळा लय उडतोय, असं ते कुणाला तरी म्हणाले. देऊळ शेणाने सारवलेलं होतं. धुरळा कुठे दिसत नव्हता.

सुभेदारांनी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली.

आवाज झिजलेला होता, पण खरा होता. काठाला तडा गेलेलं आणि तरीही न गळणारं भांडं असतं, तसा. पहिली ओळ संपायच्या आत मी मान वर केली. षड्ज पांढरी चारचा नव्हता. माझी पाचगणीची सवय, सूर ऐकला की नाव आपोआप येतं. तो काळी दोनचा होता. पंच्याखाली गणपतरावांची बोटं एक पूर्ण सूर खाली बसून वाजवत होती. आणि बाबांनी पांढरी चारसाठी खऱ्या केलेल्या पेटीवर काळी दोनवरून पंचम घेतला की तो केसभर उतरलेला लागणारच. सुभेदारांचा गळा खरा पंचम लावत होता, पेटी खोटा देत होती. प्रत्येक वेळी त्यांच्या कपाळाला आठी पडे.

सूर कुठल्या पट्टीचा हे पट्टी न बघता बहुतेक गवयांना सांगता येत नाही. सुभेदारांचा कान सुरांच्या नात्याला पक्का, पण गाताना त्यांचे डोळे मिटलेले. त्यांना कोण सांगणार?

माझ्या शेजारी एक म्हातारी टाळ घेऊन बसली होती. मी तिच्याकडे वळून तोंड उघडलं असेल नसेल, तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"गप ऱ्हा बाय," ती हळूच म्हणाली. "त्येन्ला म्हायीत न्हाई. आमाला समद्यास्नी ठावं हाय."

सगळं गाव हे सांभाळून होतं. टाळकरी, पखवाजवाला, बायका, सगळे. टोचणारा पंचम तेवढा माझ्या नावावर गेला होता.

तालीम झाल्यावर गणपतराव आम्हाला एसटीला सोडायला आले. सुभेदारांना मी एवढंच सांगितलं होतं की दोष सापडलाय, पेटी पाठवा. फाट्यावर लिंबाखाली गणपतराव उभे राहिले आणि वाट बघणाऱ्या माणसांना ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगू लागले. मास्तर गेल्यानंतरच्या जत्रेत वरचा सूर लावताना सुभेदारांचा गळा फाटला होता. ते घरी जाऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी गणपतरावांनी पट्टी बदलली. सुभेदार खूश झाले, गळा सुटला म्हणाले. मग परत वर कसं जायचं?

"कळलं तर गाणं सोडत्याल," ते म्हणाले. "त्येंचं तेवढंच ऱ्हायलंय, ताई. पोरं पलटणीत, मालकीण गेली. तुमी काळी दोनला लावून द्या पेटी. पंचम लागला की झालं. तुमचं बी नाव ऱ्हाईल."

मी म्हटलं, तशी लावली तर पांढरी चार बिघडेल.

"तितं आता गातंय कोन?"

एसटी आली, चढता चढता मी हो म्हटलं. पण गाडीत बसल्यावर मला सुभेदार सोडून बाबाच आठवत राहिले.

पेटी आली. काळी दोनला ती खरी करायची म्हणजे बारा सूर नव्याने लावायचे नव्हते. दर सप्तकात तीनच सूर केसभर चढवायचे होते: काळी पाच, पांढरी दोन आणि पांढरी चार. काळी पाच हा नवा पंचम, पांढरी दोन हा नवा निषाद. आणि पांढरी चार, जो इतकी वर्षं षड्ज होता, ज्याच्याशी बाकीचे सगळे मिळवले होते, तो आता नुसता रिषभ. षड्जाच्या शेजारी बसणारा.

मी पहिले दोन सूर सकाळीच करून टाकले. मग पांढरी चारची जीभ काढली. टोकाला बाबांचे तिरके ओरखडे होते, उजेडात धरले की चमकायचे. मी ती जीभ हातात घेऊन किती वेळ बसले माहीत नाही. आईने पडद्याआडून विचारलं, काय करतेस. मी म्हटलं, ऐकतेय. पेटी वाजतच नव्हती.

मग कानस लावली. ओरखडे गेले. सूर चढला आणि बरोबर जागी जाऊन बसला. काम म्हणून सांगायचं तर ते चांगलं झालं.

ठरलं असं होतं की गणपतराव एकटे येऊन पेटी नेतील. आले ते दोघे. सुभेदारांच्या पाठीमागून गणपतराव मला मान हलवून काहीतरी सांगत होते, ते समजण्याआधीच सुभेदार पेटीपुढे बसले. पेटी ताब्यात घेताना गाणाऱ्याने आपला षड्ज आणि पंचम एकदा जोडून ऐकायचा, हा आमच्या धंद्यातला रिवाज. तो मी विसरले नव्हते, पण सुभेदार येतील असं धरलं नव्हतं. त्यांनी भाता उघडला आणि पांढरी चारवर बोट ठेवलं, पांढरी एकवर दुसरं.

मी केसभर चढवलेला सूर. जोडी फुटलेली होती.

त्यांनी परत दाबून पाहिलं. मग माझ्याकडे बघितलं. "ह्यो माझा सा न्हाई. कुनी हलिवला?"

गणपतराव रस्त्याकडे बघू लागले. मला बरीच उत्तरं सुचली. उन्हाने हलला, एसटीच्या धक्क्याने हलला. त्यांनी ती मानलीही असती.

"मी हलवला," मी म्हटलं.

"का?"

ते तोंडाने सांगणं मला जमलं नसतं, आजही जमणार नाही. मी म्हटलं, सुभेदारकाका, पेटी राहू द्या, तुम्ही नुसता सा लावा. फौजेतल्या माणसाला कुणी ठामपणे सांगितलं की तो ऐकतो. त्यांनी डोळे मिटले आणि सा लावला. स्थिर, घासलेला, खरा. मी एका हाताने भाता हलवला, दुसऱ्याने काळी दोन दाबली. ती त्यांच्या आवाजात जाऊन मिसळली. मग तिचा पंचम दाबला. पेटी आणि गळा यांच्यात काही उरलं नाही.

त्यांच्या कपाळाची आठी गेली. सूर न सोडता त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या बोटाकडे बघितलं. काळ्या पट्टीवर होतं ते. बघता बघता त्यांचा श्वास संपला. मी बोट काढलं नाही, मग भात्यातली हवाही संपली.

"गणपा."

"जी."

"कवापास्नं?"

"झाली की दोनेक वरसं."

"आन मी जत्रंत हुबा ऱ्हाऊन पांढरी चार म्हनून वरडतोय. तू बसलाईस खाली मान घालून."

गणपतराव वळले. एवढ्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा समोर बघताना पाहिलं. "सुबेदार, गिऱ्हाइकाची कंबर वाढली तर मी शिवण उसवून इजार ढिली करून देतो. तू जाड झालास म्हनून सांगत बसत न्हाई."

"आन माप?"

"माप बरूबर लिवतो."

सुभेदार हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी पेटीवर हात ठेवला. मग मला म्हणाले, "मास्तरांचा सूर मोडलास व्हय, पोरी?"

"हो."

"वाईट वाटलं?"

"हो."

"मला बी," ते म्हणाले.

त्यांनी पेटी मिटली, कांबळ्यात गुंडाळली, स्वतःच उचलली. गणपतराव हात लावायला गेले तर लावू दिला नाही. पेटी काळी दोनवर वाजवून बघितलीही नाही.

त्यानंतर काही कळलं नाही. गणपतराव आले नाहीत. जत्रा आली आणि गेली, निरोप नाही. मी दुकानात बसून हिशेब करायची तो एवढाच, की गणपतरावांनी दोन वर्षं सांभाळलेलं मी एका बोटाने घालवलं. माझं नाव साफ करायला गेले आणि एका माणसाचं गाणं थांबवून बसले. खोटं बोलले असते तर, हा विचार कितीदा आला. पण त्या पेटीवर पांढरी चार दाबली की ती काय सांगणार, ते माझ्या हातात नव्हतं. मी एकदा इस्लामपूरला कामाला गेले असताना त्यांच्या गावच्या गाडीजवळ उभीही राहिले. चढले नाही.

ऊस तुटून शेतं उघडी पडली होती तेव्हा एक तरुण गायक आला. पलीकडच्या गावच्या मंडळाचा नवा म्होरक्या, बोलायला मोकळा. पेटी नवी, दुकानातून आयती घेतलेली. हल्ली अशाच येतात, सगळ्या एकसारख्या लावलेल्या, कुणाच्याच नसलेल्या. मला त्यांचा राग येत नाही, त्या सोयीच्या आहेत. पण त्या आल्यापासून दुकानात बसून ऐकण्याचे दिवस कमी झाले. तो मात्र म्हणाला, ही माझ्या सुरावर लावून पायजे, काळी दोन.

मी आता आधी गायला सांगते. त्यालाही सांगितलं. गळा असा मोकळा आणि चढा की पांढरी चार त्याला अंगणात फिरल्यासारखी होती. काळी दोनवर तो तळ शोधत बसला असता. मी तसं म्हटलं तर तो ऐकेना. म्हणाला, "सुबेदार काळी दोनवर गात्यात. यंदा जत्रंत हुबं ऱ्हाऊन सांगिटलं त्येंनी. समद्यांनी माना वर केल्या, तर म्हनले, गळ्यात जोर हाय तवर पांढरी चार, शहानपन आलं की काळी दोन. ताई, मला आत्ताच शहानपन पायजे."

मी हसले. गिऱ्हाइकासमोर मी सहसा हसत नाही. त्याची पेटी मी पांढरी चारलाच लावून दिली आणि शहाणपण येईल तेव्हा परत आणा म्हणून सांगितलं. तो पेटी उचलून दारापर्यंत गेला, तेव्हा मी विचारलं की सुभेदारांचा पंचम आता कसा लागतो.

"पंचम?" तो म्हणाला. "मानसं टाळ वाजवायची थांबत्यात."